किट कारच्या फायबर पॅनलच्या कडा: लांबी (पुट्टी) नंतर, आधी मागून मॅट

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं असं. लोटस सेव्हन टाइपच्या उघड्या रोडस्टरचं किट, म्हणजे सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची गाडी, आणलंय, चॅसी आणि मेकॅनिकल काम उरकून गाडी नाशिकला पाथर्डी फाट्याच्या शेडमध्ये उभी आहे, नाक, बॉनेट, चारही फेंडर आणि मागचा भाग फायबरचा. पॅनलच्या कडा कुठे २ मिमी तर कुठे ६ मिमी जाड, काही ठिकाणी काचेचे धागे बाहेर आलेत, आणि मागच्या फेंडरच्या चाकाकडच्या कडेला पॉलिशपेपर मारला की जेलकोटचे (फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराचे) टवके उडतात, खाली पोकळ निघतं. पेंटर म्हणतोय लांबी भरून सरळ करतो, वरून रबरी बीडिंग लावून टाकू, गणपतीच्या आत गाडी रंगवून देतो. हे त्याला करू द्यायचं का, हा तुमचा प्रश्न.

नका करू देऊ, निदान आत्ता तरी नाही. पेंटर काही फसवत नाहीये, पत्र्याच्या गाडीवर तो रोज हेच करतो आणि तिथे ते टिकतं पण, कारण पत्र्याची कड कंपनीतूनच दुमडून आलेली असते, तिला स्वतःची ताकद असते आणि लांबी फक्त वरचा खड्डा भरते. फायबरच्या कडेला दुमड नसते. मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांची चादर, जिथपर्यंत पोचली तिथपर्यंतच ताकद, त्याच्या पुढे नुसता जेलकोट नाहीतर नुसतं सुकलेलं रेझिन, दोन्ही ठिसूळ. त्यावर लांबी म्हणजे ठिसूळ मालावर अजून ठिसूळ माल चढवला, रंगकामाच्या दिवशी आरशासारखी कड दिसेल आणि मुंबई नाक्याचे चार खड्डे आणि टायरने उडवलेली खडी लागली की पहिल्या महिन्यातच बारीक चिरा, मग त्यातून पाणी, मग रंगासकट तुकडा.

खरी अडचण अशी आहे की फायबरची कड आपल्याकडे दोन कारागिरांच्या हद्दीवर पडते. अंबड-सातपूरला एफआरपीचं, म्हणजे फायबरचंच, काम करणारी माणसं आहेत, टाक्या, डक्ट, मशीनची कव्हरं बनवतात, मॅट मारण्यात त्यांचा हात चांगला बसलेला असतो, पण टाकीची कड ग्राइंडरने उडवली की त्यांचं काम झालं, तिथे कोणी पुढे बघत नाही. पेंटरचं काम प्रायमरपासून चालू होतं. मधलं जे आहे, कड जाड करणं, पोकळी उघडून भरणं, शेजारच्या पॅनलशी लाइन जुळवणं, ते दोघांच्याही कोटेशनमध्ये नसतं. ते तुम्हाला स्वतः करावं लागेल किंवा एफआरपीवाल्याच्या शेजारी उभं राहून करून घ्यावं लागेल, आणि त्यातली बहुतेक मेहनत पॅनलच्या मागच्या बाजूने आहे, पुढून नाही. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं त्याच क्रमाने येतं.

आधी टवके का उडतात ते बघू. मोल्डमध्ये पहिला थर जेलकोटचा, साधारण अर्धा मिमी, मग त्यावर रेझिनने भिजवलेली मॅट दाबून बसवतात. काचेचा धागा तीक्ष्ण कोपऱ्यात वळत नाही, ५-६ मिमीपेक्षा छोटी गोलाई असली की मॅट परत उसळते आणि जेलकोटच्या मागे हवेची लांब नळी तयार होते. चांगला बनवणारा मॅटच्या आधी त्या कोपऱ्यात रेझिनची पेस्ट भरून गोलाई मोठी करून घेतो आणि मग मॅट टाकतो. घाईत ही पायरी गेली की चाकाच्या कमानीला, बॉनेटच्या खालच्या वळणाला, नाकाच्या तोंडाला हमखास पोकळी राहते. शोधायला रुपयाचं नाणं पुरतं, कडेने बोटभर अंतरावर टकटक करत जा, भरीव जागी आवाज घट्ट येतो आणि पोकळ जागी सुका, कागदी. मार्करने खूण करा आणि खूण केलेली प्रत्येक जागा उघडा, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जेलकोट फुटेल तेवढा फोडूनच टाका. छोटी आहे म्हणून ठेवली तर उन्हात आतली हवा फुगते आणि रंग झाल्यावर तिथेच फोड येतो.

पण पॉलिशपेपर हातात घ्यायच्या आधी पॅनल धुवा. मोल्डमधून सुटायला लावलेलं वॅक्स अजून जेलकोटवर असतं, ते न काढता घासलं तर ते घासलेल्या रेघांमध्ये जाऊन बसतं आणि मग रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात, पेंटर शेवटपर्यंत कॉम्प्रेसरच्या पाण्याला शिव्या देत बसतो. साबण आणि गरम पाणी, सुकल्यावर वॅक्स रिमूव्हर, स्वच्छ फडक्याने एकाच दिशेला पुसायचं आणि फडकं बदलत राहायचं. शेवटी पाणी मारून बघा, पाण्याचे थेंब गोळा होऊन पळत असतील तर वॅक्स अजून आहे.

दुसरं, पॅनल कच्चं आहे का ते बघा. मागच्या बाजूला नाक लावलं आणि स्टायरीनचा (रेझिनमधल्या द्रावकाचा) वास अजून कडक येत असेल, किंवा अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर पृष्ठभाग चिकट होत असेल, तर रेझिन पूर्ण पिकलेलं नाही. असं पॅनल पुढे आकसतं, आज घासून आणलेली लाइन दोन महिन्यांनी बदलते आणि मॅटचे धागे रंगातून उमटतात. उपाय फुकटचा आहे, ऊन. पण टेबलावर आडवं टाकून ठेवू नका, गाडीवर बोल्ट लावून जागेवर बसवून मग उन्हात ठेवा, कारण गरम झालेलं पॅनल ज्या आकारात पडलंय तोच आकार धरतं. पाऊस चालू व्हायच्या आत जेवढं ऊन मिळेल तेवढं द्या.

गाडीवर बसवणं कडेसाठीही गरजेचं आहे. कड टेबलावर सरळ करून उपयोग नाही, ती शेजारच्या कडेशी जुळायला हवी. सगळी पॅनलं बोल्टवर उभी करा, गाडी चाकांवर, जॅकवर नाही, कारण हलकी चॅसी जॅकवर पिळते आणि गॅप बदलतो. बोल्टची भोकं पॅनलमध्ये थोडी ढिली ठेवा, खाली मोठा वॉशर आणि रबर. फायबर उन्हात पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, मीटरभर लांबीला ४० अंश तापमान वाढलं की दोघांत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक पडतो, आणि घट्ट आवळलेल्या भोकापासून कडेपर्यंत जी चीर जाते ती याचीच. भोक कडेपासून बोल्टच्या जाडीच्या तिप्पट तरी आत हवं. किटमध्ये आधीच कडेजवळ पाडून दिलेलं असेल तर ते मागून भरून नवीन पाडा.

आता लाइन. बॉनेट आणि नाकाचा जोड, बॉनेट आणि स्कटलचा (बॉनेट आणि काचेच्या मधल्या भागाचा) जोड, या दोन ठिकाणी लोकांची नजर जाते. एक कड आधी अंतिम करा, समजा स्कटलची, लांब फळीवर ८० नंबरचा पेपर चिकटवून ती एकसंध करून घ्या, हाताच्या तुकड्याने करू नका, लाटा येतात. मग बॉनेट जागेवर बसवून, तिच्यावर मास्किंग टेप लावून, एक वॉशर घ्या, भोकात पेन्सिलचं टोक घाला आणि वॉशर तयार कडेला टेकवून फिरवत न्या. दुसऱ्या पॅनलवर बरोबर समांतर रेघ उमटते, जी वळणावरही वळते. वॉशरची भोकापासूनची रुंदी म्हणजे तुमचा गॅप, दोनतीन मापाचे वॉशर जवळ ठेवले की झालं. पट्टीने मोजून ठिपके जोडण्यापेक्षा हे कितीतरी अचूक येतं.

गॅप किती ठेवायचा, तर उघडणाऱ्या भागाला ४ ते ५ मिमी. सुझुकी-ह्युंदाईचे गॅप बघून ३ चा हट्ट धरू नका, त्यांचा पत्रा आणि मोनोकॉक (एकसंध पत्र्याचा सांगाडा) हलत नाही, तुमची ट्यूबची चॅसी आणि फायबर दोन्ही हलतात. आणि रंगाची जाडी धरा. हाय-बिल्ड (जाड थर देणारा) प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर मिळून एका कडेला ०.२ मिमीच्या आसपास चढतं, दोन्ही कडा मिळून ०.४, म्हणजे कोऱ्या फायबरवर साडेचार ठेवलं तर रंगून चारला येतं.

कापताना रेघेच्या २ मिमी बाहेरून कापा, उरलेलं घासून आणा. ४ इंची ग्राइंडरला डायमंड व्हील लावा, साधं कटिंग व्हील गरम होऊन रेझिन जाळतं. दिशा फार महत्त्वाची आहे. चाक जेलकोटमधून आत शिरून मागच्या बाजूने बाहेर पडलं पाहिजे. उलटं फिरलं तर जेलकोट बाहेर उचलला जातो आणि कडेभर बारीक टवके. कानस मारतानाही तसंच, जेलकोटकडून आत ढकलायची, परत ओढताना उचलून घ्यायची. जिगसॉ वापरणार असाल तर पॅनल उलटं करून मागून कापा, कारण साध्या ब्लेडचे दात वर येताना कापतात, आणि ब्लेड कार्बाइड ग्रिटचं घ्या, काचेपुढे साध्या दातांचं ब्लेड फूटभरही टिकत नाही.

धुळीचं आणि केमिकलचं इथेच सांगतो कारण पुढे मिक्सिंग आहे. घासताना एन९५ तरी हवा, रेझिन लावताना तो चालत नाही, स्टायरीनच्या वाफेला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. फुल बाह्या, हातमोजे, गॉगल, काम झाल्यावर गार पाण्याने अंघोळ. आणि आपल्याकडे रेझिन, कोबाल्ट (रेझिन लवकर पिकवणारा अ‍ॅक्सिलरेटर) आणि हार्डनर तीन वेगळ्या बाटल्यांमध्ये मिळतात बऱ्याचदा. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो, स्फोटासारखं होतं. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्हीसाठी वेगळी मापं, वेगळे ड्रॉपर, शेल्फवरही लांब लांब. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, लगेच पाण्याखाली धरा, निदान पंधरा मिनिटं, आणि तिथून थेट दवाखाना. शेडमध्ये मदतीला पोरं असतील तर त्यांना गॉगल आधी द्या, काम नंतर.

आता मुख्य काम, पोकळ आणि पातळ कड परत बांधणं. मागच्या फेंडरची कमान घेऊ. फोडलेली जागा पूर्ण मोकळी करा, पांढरट दिसणारी, कोरडी राहिलेली मॅट असेल तर ती पण काढा, स्वच्छ रेझिन दिसेपर्यंत. मग मागची बाजू कडेपासून दोन-अडीच इंच रुंद ३६ किंवा ४० नंबरने खरवडा, नुसती चमक घालवून भागत नाही, धागे उघडे दिसले पाहिजेत. पिकलेल्या रेझिनला नवीन रेझिन केमिकली जोडलं जात नाही, ते फक्त खरबरीतपणाला धरतं. धूळ झटका, अ‍ॅसिटोनने पुसा आणि अ‍ॅसिटोन उडून जाऊ द्या.

मग सनमायकाची दीड इंची पट्टी कापा, तिच्या गुळगुळीत बाजूला तपकिरी पॅकिंग टेप लावा, त्याला पॉलिस्टर रेझिन चिकटत नाही. ही पट्टी कमानीच्या तोंडाला बाहेरून पट्ट्यासारखी गुंडाळायची, टेप आतल्या बाजूला, आणि वरून मास्किंग टेप आणि हॉट ग्लूने धरायची. पट्टी कमानीच्या वळणाला आपोआप एकसंध वळते, मधे खाचा असतील त्या तशाच सोडून पुढे जाते, त्यामुळे नवीन कड कुठपर्यंत यायला हवी ते तीच सांगते. पुढच्या जेलकोटवरही बोटभर पॅकिंग टेप मारून ठेवा, ओघळ लागला तरी निघून येईल.

आता पेस्ट. थोडं रेझिन घ्या, दोनशे ग्रॅमच्या वर एका वेळी नको, भांड्यात जास्त राहिलं की तापून धूर येतो. त्यात एरोसिल (रेझिन घट्ट करणारी बारीक सिलिका पावडर) आणि ६ मिमीचे कापलेले काचेचे धागे घालत श्रीखंडाइतकी घट्ट पेस्ट करा, मग हार्डनर, दीड टक्का, म्हणजे शंभर ग्रॅमला दीड मिली. उन्हाळ्यात एकवर भागतं, दोनच्या वर जाऊच नका. ब्रशने आधी कोपऱ्यात पातळ रेझिन लावून घ्या आणि लगेच पेस्ट दाबून भरा, कोपऱ्याची गोलाई मागून अंगठ्याएवढी व्हावी इतकी. फार खोल जागा असेल तर दोनदा भरा, एकदम जाड भरलेलं गरम होऊन तडकतं.

पेस्ट घट्ट होत आली पण अजून बोटाला किंचित चिकटते, तेव्हाच मॅट टाकायची. मॅटच्या पट्ट्या कात्रीने कापू नका, हाताने फाडा, फाटलेली कड विरळ होत जाते आणि मागच्या लॅमिनेटमध्ये (मॅट-रेझिनच्या जुन्या थरात) मिसळून जाते. कात्रीची सरळ कड जिथे संपते तिथे पुढून उन्हात एक रेघ दिसायला लागते. पहिली पट्टी इंचभर रुंद, पुढची दोन इंच, तिसरी त्याहून थोडी जास्त, म्हणजे जाडी पायरीपायरीने कमी होत जाईल. ४५०च्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) मॅटचा एक थर पिकल्यावर साधारण १ मिमी देतो, ३००चा त्याहून थोडा कमी, त्यामुळे २ मिमीची कड ५ वर न्यायची तर ४५०चे तीन थर. पण एका बैठकीत दोनच, तिसरा गार झाल्यावर, नाहीतर उष्णतेने पुढचा जेलकोट खेचला जातो. ब्रशने फिरवत बसू नका, ठोकत जा, धागे पारदर्शक झाले पाहिजेत, पांढरा ठिपका म्हणजे हवा. दुसऱ्या दिवशी पट्टी काढलीत की मुद्दाम टाकलेल्यासारखी एकसंध कड हातात येते, त्यावर नुसती फळी फिरवायची राहते. हे काम जमलं की लांबीचा अर्धा डबाही लागत नाही.

एपॉक्सी वापरू का असं कोणी सुचवलं असेल तर सांगतो, जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी उत्तम धरते, पॉलिस्टरपेक्षाही चांगली, पण साध्या चॉप मॅटचा बाइंडर (धागे एकत्र धरणारा चिकट पदार्थ) स्टायरीनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, त्यामुळे एपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्यावं लागतं. आणि एपॉक्सीवर परत जेलकोट मारता येत नाही, तो नीट पिकत नाही. तुम्हाला रंगवायचीच आहे म्हणून चालेल, पण खर्च वाढतो आणि इथे गरज नाही.

जाडी ५ का, तीन का नको? कडेच्या गोलाईसाठी. रंग तीक्ष्ण कडेवरून मागे सरकतो, ओला असताना तो कोपऱ्यावर पातळच राहतो, कितीही हात मारा. त्यामुळे सगळ्या कडांना १.५ ते २ मिमीची गोलाई हवी, आणि ज्या कडा बाहेर आहेत, माणसाच्या मांडीला, हाताला लागू शकतात, म्हणजे फेंडर आणि नाकाचं तोंड, तिथे त्याहून जास्त. ब्रिटनमध्ये किट कार रस्त्यावर आणण्याआधी आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) तपासणी असते, त्यात बाहेर आलेल्या भागांच्या कडांना कमीत कमी २.५ मिमी त्रिज्या मागतात. आता हिशोब बघा, ३ मिमी जाड कड पूर्ण गोल केली तरी त्रिज्या दीडच होते. २.५ साठी ५ मिमी जाडी लागते किंवा कड आत वळवावी लागते, नाहीतर वरून रबर. तिकडच्या व्हिडिओत जागोजागी रबरी ट्रिम दिसते त्यामागे हे पण एक मोठं कारण आहे. आपल्याला ती तपासणी नाही, पण मांडीला कड तशीच लागते, म्हणून बाहेरच्या कडा मी ५ वरच आणायला सांगतो.

गोलाई करायला पॉलिशपेपरची पट्टी घ्या, मागे मास्किंग टेप चिकटवा म्हणजे फाटणार नाही, आणि बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशी कडेवरून ओढा. १२०, मग १८०, मग २४०. जेलकोट कापला जाऊन खालचं लॅमिनेट दिसलं तर घाबरू नका, रंगवायचंच आहे, फक्त तिथे बारीक छिद्रं उघडतात. ती प्रायमरच्या स्प्रेने कधीच भरत नाहीत, प्रायमर तोंडावर पडदा धरतो आणि रंग तापला की आतली हवा तो फोडून बाहेर येते. त्या जागी पातळ रेझिन ब्रशने घासून मुरवा नाहीतर बारीक पुट्टी पात्याने दाबून भरा.

मागची बाजू उघडी सोडू नका. कापलेल्या कडेत प्रत्येक धागा पाणी ओढतो, आणि फेंडरच्या आतून पाणी सतत बसणारच आहे. टॉपकोट मारा, म्हणजे वॅक्स सोल्यूशन घातलेला जेलकोट, वॅक्सशिवायचा हवेत वरून चिकटच राहतो. कडेच्या तोंडापर्यंत दोन हात, चाकाच्या कमानीत त्यावर रबरी अंडरकोट. टायरने उडवलेला दगड फेंडरला आतून लागला की बाहेरच्या बाजूला कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर उमटते, त्यासाठी तिथे मागून मॅटचा एक जादा थर टाकलात तर फारच उत्तम.

इतकं झालं की पेंटरला बोलवा. आता जी लांबी लागेल ती कागदाएवढी, ती त्याला मारू द्या. त्याला दोनच गोष्टी सांगा. एक, प्रायमर ब्लॉकने घासताना प्रत्येक कडेवर मास्किंग टेपची पट्टी लावून ठेवायची आणि ती शेवटी काढून कड फक्त हाताने हलकी घ्यायची, कारण ब्लॉक कडेवरून उतरला की सगळ्यात आधी तिथलंच प्रायमर कापलं जातं. क्लिअरवर पॉलिश मारतानाही हीच टेप. दोन, कडा आणि त्यांची आतली बाजू आधी रंगवायची, मग पॅनलचा चेहरा. पीयू (पॉलियुरेथेन) रंगात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक, त्याच्याकडे हवेच्या नळीचा मास्क नसेल आणि तो रुमाल बांधून फवारणार असेल तर दुसरं वर्कशॉप बघा, हे त्याच्यासाठी म्हणतोय. आणि रंग फिका निवडा. गडद पॅनल आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात इतकं तापतं की साधं पॉलिस्टर मऊ पडायच्या हद्दीत जातं, मॅटचे धागे उमटतात.

बीडिंगचं म्हणाल तर ते वाईट नाही, फक्त ते दोष झाकायला लावायचं नसतं. फेंडर आणि बॉडीच्या जोडात व्हिनाइल बीडिंग हवंच, नाहीतर दोन रंगवलेल्या कडा एकमेकींना घासतात. इंजिन बेच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडांवर यू-चॅनल (कडेवर चढवायची यू आकाराची रबरी पट्टी) ठीक आहे. पण चाकाच्या कमानीवर यू-चॅनल नको, त्यात माती आणि पाणी अडकून बसतं, गाडी हलली की तीच माती आतून रंग घासते, आणि कच्चे धागे असले तर ते वर्षभर ओलेच राहतात. शिवाय यू-चॅनलची पकड ठराविक जाडीलाच बसते, २ ते ६ मिमी बदलणाऱ्या कडेवर ते कुठे सुटेल आणि कुठे चढणारच नाही.

राहिला गणपतीचा प्रश्न. काचेचं काम तुम्ही पावसाळ्यात करू शकता, शेड कोरडी असेल तर. मॅटचा रोल प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवा, दमट मॅटवर रेझिन बसत नाही, थर दुधाळ राहतो. लांबी आणि हाय-बिल्ड प्रायमर मात्र हवेतला ओलावा पितात, जुलै-ऑगस्टमध्ये ते मारून त्यावर रंग चढवला की महिन्याभराने बारीक फोड. म्हणून आत्ता कडा बांधून, मागून सील करून घ्या, गाडी जेलकोटमध्येच राहू दे. उघडी लॅमिनेट दिसणारी जागा एपॉक्सी प्रायमरने बंद करा, तो पाणी धरत नाही. तोपर्यंत शेडच्या आवारात गाडी हळू चालवा, स्टिअरिंग पूर्ण वळवून, शेजारी माणूस बसवून, टायर कुठे कमानीला लागतोय आणि कुठल्या दोन कडा घासतायत ते आत्ताच कळेल, रंगाच्या आधी कापणं सोपं आहे. रंगाला ऑक्टोबरची कोरडी हवा घ्या, दसरा ते दिवाळीच्या मधले दिवस. डिसेंबरपर्यंत मात्र ढकलू नका, आपल्याकडे थंडीत रात्रीचा पारा १० च्या खाली जातो आणि १५ अंशांच्या खाली रेझिन धड पिकत नाही, त्यात एखादी कड परत बांधायची वेळ आली तर लोक हार्डनर वाढवतात, आणि जास्त हार्डनरची कड पुढच्या उन्हाळ्यात तडकते.